काल कोणाकडे गेला होतात?

तिमोक नदीच्या काठी वसलेल्या आमच्या लहान शहरात आरोग्यघराच्या तळमजल्यावर चार क्रमांकाची खोली आहे. तिच्या दारावर मधुमेह-तपासणीचे लांबलचक अधिकृत नाव लिहिलेले आहे. परंतु शहरात सगळे तिला साखरेची खोली म्हणतात. ज्या स्त्रीची ही हकीकत आहे, ती स्तामेंका या खोलीत बावीस वर्षे मदतनीस होती.

ती नर्स नव्हती. नर्स होती सिस्टर मिलुंका. मिलुंकाने सुई टोचायची, आकडा पाहायचा, कागद भरून डॉक्टरीणबाईंकडे पाठवायचा; आणि मिलुंकाला हे सर्व नीट करता यावे म्हणून जे जे लागेल ते स्तामेंकाने करायचे, अशी कामाची वाटणी होती. हे काम बाहेरून लहान दिसे, पण ते लहान नव्हते. हिवाळ्यात म्हाताऱ्यांची बोटे गारठतात आणि सुई टोचूनही रक्ताचा थेंब निघत नाही. म्हणून स्तामेंका आधी प्रत्येकाचा हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरून ऊब आणीत असे. ज्यांना वाकता येत नसे त्यांच्या बुटांच्या नाड्या ती सोडी. मोजे काढून, पाय आपल्या मांडीवर घेऊन, बोटांच्या बेचक्यांत कोठे चीर किंवा फोड आहे का हे ती दिव्याखाली पाही, कारण साखरेच्या रोग्याला पायाची जखम पुष्कळदा कळतच नाही. दहा वाजता ती लांब दांड्याच्या भांड्यात दोन कप कॉफी करी, एक मिलुंकाचा आणि एक आपला. दोघी खिडकीपाशी उभ्या राहून ती पीत. बावीस वर्षांत या दोन कपांचे तीन कधी झाले नव्हते.

तिच्याविषयी शहरात आणखी एक गोष्ट प्रसिद्ध होती. एखाद्याची साखर चढलेली निघाली की मिलुंका स्तामेंकाकडे पाही. स्तामेंका कधी मान डोलवी आणि कधी हलकेच म्हणे, "थांबा, सिस्टर. औषध वाढवायची घाई नको." मिलुंका तसे डॉक्टरीणबाईंना कळवी. आठ-पंधरा दिवस थांबले की बहुतेक वेळा साखर आपोआप उतरलेली दिसे. त्यामुळे लोक म्हणत, स्तामेंकाच्या हाताला कळते. ती हात धरते आणि तिला आतले समजते. मिलुंकाचाही यावर विश्वास होता.

हाताला काहीही कळत नव्हते. हे फक्त स्तामेंकालाच ठाऊक होते.

चार इयत्ता झाल्यावर, बाराव्या वर्षी, ती एका वकिलाच्या घरी कामाला राहिली होती. तेथे तिच्याकडे पाहुण्यांपुढे तबक नेण्याचे काम होते. आमच्याकडे पाहुणा उंबरठ्याच्या आत आला की कॉफीच्याही आधी त्याच्यापुढे स्लात्को येते. हा अख्ख्या फळांचा दाट पाकातला मुरांबा असतो. पाहुण्याने एक चमचा तोंडात घालायचा, वर थंड पाणी प्यायचे आणि चमचा त्या पेल्यातच सोडायचा. नाही म्हणायची सोय नाही. नाही म्हणणे म्हणजे घराला नाही म्हणणे. आणि महत्त्वाची गोष्ट अशी की त्या चमच्याला कोणी खाणे समजत नाही. केक खातात, चॉकलेट खातात. स्लात्को खाल्ले असे मात्र कोणी म्हणत नाही. आमचे स्वागत झाले, असे म्हणतात. संध्याकाळी ते चमचे लहानगी स्तामेंका धुवीत असे. चमचा तोंडात घालणारा चमचे मोजत नाही, धुणारा मोजतो.

आरोग्यघरात लागल्यावर पहिल्याच वर्षी एक विधवा तिच्यासमोर रडली होती. साखर भलतीच चढली होती आणि ती मुलाची शपथ घेऊन सांगत होती की आपण गोडाला शिवलेही नाही. तिची समजूत घालावी म्हणून स्तामेंकाने तिचा हात चोळता चोळता सहज विचारले, "काल कोणाकडे गेला होतात?" विधवेने डोळे पुसले आणि पाच घरांची नावे सांगितली. त्या पाच घरांचे पाच चमचे स्तामेंकाला डोळ्यांपुढे दिसले. त्या दिवसापासून ती प्रत्येकाला हाच प्रश्न विचारू लागली, गप्पा माराव्यात तशा आवाजात. हे तिने कोणालाही सांगितले नाही. आधी तिला ते सांगण्यासारखे वाटले नाही. पुढे तिच्या हाताची कीर्ती झाली, तेव्हा तिला ते सांगवेना. डिप्लोमा मिलुंकाकडे होता, शिक्का डॉक्टरीणबाईंकडे होता. स्तामेंकाकडे एवढेच होते.

ती एकसष्ट वर्षांची झाली त्या सप्टेंबरात यास्ना आली.

यास्ना सव्वीस वर्षांची होती आणि निश शहरात या कामाचे शिक्षण घेऊन आली होती. नर्सच्या हाताखाली साखरेच्या रोग्यांकडे कसे पाहावे, याचा आता स्वतंत्र अभ्यासक्रम निघाला होता, आणि तो तिने पुरा केला होता. ती लाल लोकरीचे मोजे घालीत असे. ती मोठ्याने हसत असे. पहिल्याच आठवड्यात तिने साठ रोग्यांची नावे पाठ केली. स्तामेंकाला ती मावशी म्हणू लागली, आणि त्या शब्दाचाही स्तामेंकाला राग आला, कारण त्यात खोट काढण्यासारखे काहीच नव्हते.

"मावशी, मला शिकवाल ना? सिस्टर म्हणाल्या, तुमच्या हाताला सगळं कळतं."

"हाताचं काय शिकवायचं? तुला हात आहेत की."

"पण तुम्हाला कळतं कसं?"

"वय झालं की कळतं," स्तामेंका म्हणाली आणि पुसलेले टेबल पुन्हा पुसू लागली.

मत्सर ही गोष्ट मोठ्या प्रसंगांवर पोसली जात नाही, लहानसहान वस्तूंवर पोसली जाते, हे स्तामेंकाच्या त्या दिवसांवरून दिसते. यास्नाने एक बुटका स्टूल आणला आणि त्यावर रोग्याचा पाय ठेवू लागली, तेव्हा मिलुंका म्हणाली, "किती बरं झालं!" बावीस वर्षे पाय स्तामेंकाच्या मांडीवर होते तेव्हा असे कोणी म्हटले नव्हते. यास्ना कागद भराभर लिही. स्तामेंका एकेक अक्षर कोरल्यासारखे लिही. यास्नाने काहीतरी सांगितले आणि मिलुंका खिडकीपाशी इतकी हसली की तिच्या कपातली कॉफी सांडली. स्तामेंकाने ती पुसली. कशाला हसलात, असे तिने विचारले नाही, आणि कोणी तिला सांगितलेही नाही. त्या हसण्याचा अर्थ लावीत ती घरापर्यंत चालत गेली आणि वाटेत पाव घ्यायला विसरली.

पण वेलिमिरकाकांचे तिला सर्वांत जास्त लागले.

वेलिमिर हे वीजमंडळातून निवृत्त झालेले मीटर पाहणारे गृहस्थ होते. चाळीस वर्षे ते शहरातल्या प्रत्येक घरात शिरले होते आणि निवृत्तीनंतरही ती सवय सुटली नव्हती. बायको वारल्यावर ते रोज चार-सहा दारे वाजवीत, दोन विनोद सांगत आणि पुढे जात. साखरेच्या खोलीत येताना ते वर्तमानपत्राच्या पुडीत भाजलेली चेस्टनट आणीत, आणि ती पुडी बावीस वर्षे स्तामेंकाच्या हातात पडत असे. ऑक्टोबरात त्यांनी दोन पुड्या आणल्या. स्तामेंकाने दोन्ही मोजल्या. तिच्या पुडीत सहा होती, यास्नाच्या पुडीत नऊ. आणि त्यांनी पाय उचलून यास्नाच्या स्टुलावर ठेवला.

"काय हो काका, आज पाय तिकडे?"

"अगं, तुझ्या मांडीला इतकी वर्षं त्रास दिला. आता जरा हिलाही कळू दे जुन्या लाकडाचं वजन."

"जुनं लाकूड आतून पोखरलंय, हे सांगितलंत का तिला?"

"हळू बोल, बाई! तिला वाटतंय मी ओक आहे."

यास्ना हसली, मिलुंका हसली, बाकावरचे लोकही हसले. स्तामेंकाही हसली, कारण न हसणे वाईट दिसले असते. त्या दिवशी तिने ती सहा चेस्टनट घरी नेऊन कोंबड्यांना घातली.

नोव्हेंबरच्या आरंभी मिलुंकाने दार लोटून घेतले आणि तिला समोर बसवले.

"तुला दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच सांगते. मार्चपासून या खोलीत एकच मदतनीस राहणार आहे. दुसरी वर धुलाईच्या खोलीत जाईल. कोणाला ठेवायचं, ते माझ्यावर सोडलंय."

"मग कोणाला ठेवताय, सिस्टर?"

"अजून वेळ आहे. बघू या."

बावीस वर्षांनंतर "बघू या" हे उत्तर मिळाले, हे स्तामेंकाला सुरीसारखे लागले. तिने मनाशी विचार केला तो असा: ठीक आहे. बघा. हिच्या कागदांनी आणि हिच्या स्टुलाने किती कळते ते बघा. मी तोंड उघडणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती फक्त हात उबवू लागली. प्रश्न विचारणे तिने बंद केले.

येथे हे लक्षात घ्यावे लागते की नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत आमच्याकडे घरोघरी कुलसंतांचे दिवस येतात, आणि ज्याच्या संताचा दिवस असेल त्याच्या घरी ओळखीच्या सर्वांनी जायचे असते. आज मित्राच्या संताचा, उद्या व्याह्याच्या. ज्याची शहरभर ओळख आहे, त्याला दिवसाला सात-सात घरे गाठावी लागतात. यास्ना तिला शिकवले होते तसे विचारी. तिच्या छापील कागदावर प्रश्न होता: रोग्याने मिठाई खाल्ली काय?

"वेलिमिरकाका, मिठाई काही?"

"नाही, पोरी."

"केक? चॉकलेट? गोड पेय?"

"बायको गेल्यापासून केक पाहिलेला नाही. खोटं बोलत असेन तर मीटर उलटं फिरेल माझं."

ते खोटे बोलत नव्हते. यास्नाने नाही लिहिले. आकडा पंधरा आला. दहाच्या वर गेलेला आकडा या खोलीत कोणालाच आवडत नसे. यास्नाने मिलुंकाकडे पाहिले आणि मिलुंकाने सवयीने स्तामेंकाकडे. स्तामेंका वेलिमिरांच्या बुटाची नाडी बांधत होती. तिने मान वर केली नाही.

डॉक्टरीणबाईंनी वेलिमिरांचे रात्रीचे इन्सुलिन बारावरून सोळा युनिट केले. डिसेंबरात ते बावीस झाले.

"तुझ्या हाताला झालंय तरी काय?" मिलुंकाने एकदा विचारले. "हल्ली काही बोलत नाहीस."

"आता शिकलेली माणसं आहेत ना. त्यांना विचारा."

"अगं, मी तुला विचारतेय."

"माझे हात म्हातारे झाले, सिस्टर."

हे बोलताना तिला बरे वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही. यास्नाचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला होता. वेलिमिरांचे, बेकरीवालीचे, दोन शिक्षिकांचे, सगळ्यांचे आकडे चढतच होते. यास्ना रिकाम्या वेळी कागद पुढे घेऊन बसे आणि पेन्सिल चावत असे. एक दिवस तिने विचारले, "मावशी, माझं नेमकं कुठं चुकतंय?" स्तामेंकाने तिच्याकडे पाहिले. पोरीचे डोळे खरोखर लाल झाले होते. उत्तर स्तामेंकाच्या जिभेवर आले. इतक्यात यास्ना म्हणाली, "सिस्टर म्हणतात, काळजी करू नकोस, सगळं जमेल तुला." स्तामेंकाने उत्तर गिळून टाकले.

संत योहानाचा दिवस झाला आणि त्यानंतर तीन दिवस बर्फ पडले. रस्ते बंद झाले. मंगळवारी बाकावर सातच माणसे होती. दहा वाजता स्तामेंकाने दोन कप कॉफी केली. यास्नाने आपला कप आपणच केला, रोज करीत असे तसा, आणि खिडकीपाशी मिलुंकाच्या पलीकडे जाऊन उभी राहिली.

"वेलिमिरकाका आले नाहीत," यास्ना म्हणाली. "शेजारणीचा फोन होता. रविवारी पायऱ्यांवर घसरले. घोटा मुरगळलाय. घरातून बाहेर पडायचं नाव नाही."

"त्यांना घरात कोंडायला देवालाच यावं लागलं," मिलुंका म्हणाली, आणि दोघी हसल्या.

स्तामेंकाच्या हातातला कप तोंडापर्यंत गेला आणि तेथेच थांबला. रविवार, सोमवार, मंगळवार. तीन दिवस एकही घर नाही. एकही चमचा नाही. आणि इन्सुलिन मात्र बावीस, सात घरांचे; म्हणजे साखर तळाला जाणार. हे गणित करण्यासाठी तिला कागद लागला नाही.

तरीही ती लगेच बोलली नाही. हे तिने पुढे स्वतःच सर्वांना सांगितले, म्हणून येथे लिहिले आहे. आता बोलले तर बावीस वर्षांची कीर्ती या खिडकीपाशी, त्या लाल मोज्यांसमोर सांडणार, हे तिला दिसत होते. तिने कॉफी संपवली. कप धुतला. मिलुंकाचा कपही धुतला. एका शिक्षिकेचे हात उबवले. तेवढ्या वेळात तिचे स्वतःचे हात गार पडले. शिक्षिका म्हणाली, "अगं स्तामेंका, आज तुझेच हात मला उबवायला लागणार!" तेव्हा तिने तो हात सोडला, डोक्याला रुमाल गुंडाळला आणि काही न सांगता ती निघाली.

वेलिमिरांचे दार उघडेच असे. ते स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले होते. कपाळावरून घाम वाहत होता, शर्ट छातीला चिकटला होता आणि हात थरथरत होते. न्याहारीचा पाव तसाच पडला होता. त्यांनी तिच्याकडे पाहिले, पण ओळखले नाही.

"चार हजार एकशे सहा," ते म्हणाले. "लिहून घ्या. चार हजार एकशे सहा."

"काका, मी स्तामेंका."

"तुमचं मीटर फार पळतंय, बाई. तारा तपासून घ्या."

तिने साखर शोधली. त्या घरात साखर नव्हती. यास्नाने सांगितले म्हणून त्यांनी ती नातेवाइकांना देऊन टाकली होती. मग कपाटाच्या वरच्या फळीवर तिला काचेची बरणी दिसली. बायकोने मरण्यापूर्वी घातलेले पांढऱ्या चेरीचे स्लात्को, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले. ते गिळू शकतात की नाही हे तिने आधी एक घोट पाणी देऊन पाहिले. मग चमचा भरला.

"घ्या काका."

"नको. आत्ताच पलीकडे घेतलं."

"माझ्या घरी आलाय तुम्ही. नाही म्हणता?"

हे मात्र त्यांना उमगले. त्यांनी तोंड उघडले. तिने एक चमचा दिला, पाणी दिले. दुसरा दिला, तिसरा दिला. शेजारणीच्या फोनवरून तिने मिलुंकाला कळवले आणि परत येऊन त्यांचा हात हातात धरून बसली. त्या हातातून तिला काहीही कळत नव्हते. ती फक्त वाट पाहत होती.

पाव तासाने वेलिमिरांनी खोलीकडे पाहिले, बरणीकडे पाहिले, मग पेल्यातल्या चमच्याकडे.

"हे काय? माझ्या घरात पाहुण्यानं मला वाढलं?"

"वाढलं."

"कोणाला सांगू नकोस. गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

स्तामेंका हसायला गेली आणि तिला रडू फुटले. इतक्यात यास्ना दारात आली, गुडघ्यांपर्यंत बर्फाने भरलेली, कोटाविना, हातात पिशवी. तिने आकडा घेतला. तो आता साडेपाच होता, धोक्याबाहेर. मग ती जमिनीवरच बसली.

"माझ्यामुळे झालं," ती म्हणाली. "मीच लिहिलं, मिठाई नाही म्हणून. मीच..."

येथे स्तामेंका गप्प राहिली असती तर कोणालाही काही कळले नसते. दोष पोरीवर गेला असता आणि मार्चचा प्रश्न त्याच दिवशी सुटला असता. हे तिच्या मनात आले. आले आणि थोडा वेळ तेथे बसूनही राहिले.

"तुझं चुकलेलं नाही," ती शेवटी म्हणाली. "तुला प्रश्नच माहीत नाही. मिठाई विचारायची नसते. काल कोणाकडे गेला होता, ते विचारायचं असतं. जितकी घरं, तितके चमचे."

यास्नाने बरणीकडे पाहिले. मग वेलिमिरांकडे.

"काका, तुम्ही स्लात्को घेत होता?"

"मी? मी घेत नाही. लोक देतात."

"दिवसाला किती?"

"मला काय माहीत? स्वागत मोजतात का कुठं?"

त्या दुपारी स्तामेंकाने खोलीत जाऊन मिलुंकाला सगळे सांगितले: वकिलाचे घर, तबक, विधवा, आणि नोव्हेंबरपासूनचे मौन. कॉफी संपवून कप धुतले, तेही सांगितले. मिलुंकाने खिडकीकडे तोंड फिरवले.

"म्हणजे हाताला काही कळत नव्हतं."

"नाही, सिस्टर."

"बावीस वर्षं मी डॉक्टरीणबाईंना सांगत आले. आणि मीसुद्धा दर रविवारी सासूकडे दोन चमचे घेते. माझ्याही कधी ध्यानात आलं नाही." ती वळली. "मार्चपासून तू वर जाशील. आणि ऐक. चुकीसाठी नाही पाठवत. चुका मीही केल्यात, त्याही याच टेबलावर. तुला माहीत होतं आणि तू गप्प बसलीस, म्हणून पाठवतेय."

"बरोबर आहे," स्तामेंका म्हणाली. ते बरोबर होते. म्हणूनच ते जास्त लागले.

इन्सुलिन पुन्हा बारावर आले. बेकरीवालीचे आणि शिक्षिकांचेही कागद नव्याने तपासले गेले. यास्नाने छापील प्रश्नावर रेघ मारून त्याखाली हाताने लिहिले: काल कोणाकडे गेला होतात? डॉक्टरीणबाईंनी तिची पाठ थोपटली. शेजारच्या शहरानेही तो कागद मागून घेतला. यास्ना प्रत्येकाला सांगत असे की हा प्रश्न स्तामेंकामावशींचा आहे. ती हे इतक्या मनापासून सांगे की स्तामेंकाला ते सहन होत नसे. पोरीने एकदा तरी श्रेय लाटले असते तर तिच्यावर नीट रागावता आले असते.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी, स्तामेंकाच्या त्या खोलीतल्या अखेरच्या दिवशी, बेकरीवाली आली. यास्नाने उभ्या उभ्या, कागद हातात धरून विचारले, "काल कोणाकडे गेला होतात?"

"कुठंच नाही."

"नक्की?"

"पोलीस आहेस का गं तू?"

स्तामेंका कोपऱ्यात आपला सदरा घडी करून पिशवीत भरत होती. प्रश्न तोच होता, शब्द तेच होते, आणि पोरीला तो विचारता येत नव्हता. आठ दिवसांनी दोनशे लोक म्हणतील कुठंच नाही, आणि मिलुंकाला कोणाची आठवण येईल? हा विचार गोड होता. स्तामेंकाने तो चमचाभर चाखला. मग तिने पिशवी खाली ठेवली.

"कागद ठेव," ती म्हणाली. "बस खाली. स्टूल सरकव तिकडे, त्याचं काही काम नाही. मोजा काढ. पाय मांडीवर घे. हं, असा. आता बेचक्यांतून बघ आणि तिच्याकडे बघू नकोस. पायाकडे बघत विचार. आणि चौकशी केल्यासारखं नाही, कंटाळा आल्यासारखं."

यास्नाने पाय मांडीवर घेतला, दिव्याखाली वाकली आणि बोटांकडे पाहत पुटपुटली, "काल मग कुणाकडे जाणं झालं?"

"कुठं गं," बेकरीवाली सैल होत म्हणाली. "जावेकडे. मग तिची सून बाळंत झालीय, तिच्याकडे. आणि येताना तो बोजिदार न्हावी, तो काही सोडतोय होय?"

"तीन," यास्ना हळूच म्हणाली आणि मान वर करून स्तामेंकाकडे पाहिले. तिचा चेहरा उजळला होता.

स्तामेंकाच्या छातीत जळले. पूर्वीइतकेच जळले, एका कणानेही कमी नाही. दहा वाजत आले होते. तिने लांब दांड्याचे भांडे शेगडीवर ठेवले आणि पाणी मोजून ओतले, या वेळी तीन कपांचे. कप फळीवरून काढून तिने ओळीने मांडले. त्यांतला एक कानतुटका होता. तो तिने यास्नाच्या बाजूला ठेवला.